ड्रॉवरवालं कपाट निवडताना: आधी टेप, मग दुकान

बेडरूमसाठी कपाट घ्यायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती रंगावर, आरशावर आणि दारं सरकती घ्यायची की उघडती यावर. ड्रॉवरचा विषय निघतो तो ‘किती आहेत?’ एवढ्यापुरता. वास्तविक कपाटात रोज हलणारे भाग दोनच, दारं आणि ड्रॉवर, आणि त्यातही आधी कुरकुरायला लागतो तो ड्रॉवर. फळी चुकली तर वर-खाली करता येते, दांडी चुकली तर दुसरी लावता येते. ड्रॉवर चुकला की चुकलाच, कारण त्याची रुंदी, खोली, चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती बाजूची पट्टी) आणि समोरचं दार हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. म्हणून पहिल्यांदाच कपाट घेणाऱ्यांना माझं सांगणं असं, की उलट्या टोकाने सुरुवात करा. ड्रॉवर आधी ठरवा आणि बाकीचं कपाट त्याच्याभोवती बसवा.

ड्रॉवर किती जागा खातो

दुकानात जाण्याआधी हा हिशेब डोक्यात पक्का असू द्या. समजा कपाटात ५० सेंमी रुंद, ५६ सेंमी खोल आणि २० सेंमी उंच असा एक खण आहे. नुसता कप्पा म्हणून तो ५६ लिटरचा. आता तिथे ड्रॉवर बसवू. बाजूला लागणाऱ्या नेहमीच्या बॉल बेअरिंग चॅनलला दोन्ही अंगांना साधारण १३-१३ मिमी जागा द्यावी लागते. डब्याच्या बाजू अगदी १२ मिमीच्या धरल्या तरी आतली रुंदी ४५ सेंमीवर येते. चॅनल ५० सेंमीचं. त्यातून डब्याची पुढची आणि मागची फळी वजा केली की खोली उरते साडेसत्तेचाळीस. वर हात जायला फट, खाली तळ आणि तळाखाली पुन्हा फट, म्हणजे उंची जेमतेम १४. गुणाकार येतो ३० लिटरच्या आसपास. जवळजवळ निम्मी जागा लाकडाने, लोखंडाने आणि हवेने खाल्ली.

एवढं असूनही ड्रॉवर हवाच. खोल कप्प्याच्या मागच्या अर्ध्या भागात जे जातं ते पुढच्या आवराआवरीपर्यंत दिसत नाही, आणि मोजे, रुमाल, अंतर्वस्त्रं यांच्या चळती फळीवर टिकतच नाहीत. ड्रॉवर ओढला की अगदी मागचा मोजासुद्धा वरून दिसतो. ड्रॉवरने जागा वाढत नाही, पण आहे ती हाताशी येते. म्हणून ‘जितके जास्त तितके बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. एका माणसाच्या रोजच्या कपड्यांना तीन-चार चांगले ड्रॉवर बहुतेक वेळा पुरतात. एकाच कपाटात आठ-दहा ड्रॉवर दिसले तर मी तरी आधी दांडीखाली किती जागा उरली ते बघेन.

पहिली पायरी: कपड्यांची मोजदाद

सगळे कपडे पलंगावर काढा. धुवायला टाकलेले, इस्त्रीला गेलेले, ‘हिवाळ्यात लागतील’ म्हणून बॅगेत कोंबलेले, सगळे धरून. मग तीन ढीग करा: टांगायचे, ड्रॉवरमध्ये घालायचे आणि फळीवर रचायचे. ड्रॉवरच्या ढिगात फक्त छोटं, मऊ आणि घसरणारं जाऊ द्या. जीन्स, जाड स्वेटर, टॉवेल, चादरी यांची थप्पी फळीवर स्वतःच्या पायावर उभी राहते. त्यांच्यासाठी महागाचं चॅनल झिजवायचं कारण नाही. एक जीन्स साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते, म्हणजे पंधरा जीन्स ठेवल्या तर एका ड्रॉवरवर सहज दहा किलो.

टांगायच्या कपड्यांची उंची हँगरसकट मोजायची. शर्ट आणि छोट्या जॅकेटला दांडीपासून साधारण १०० सेंमी लागतात. मधोमध दुमडून टांगलेल्या पँटला ७० ते ७५ पुरतात. लांब ड्रेस किंवा ओव्हरकोट असेल तर १५० ते १६० सोडावे लागतात. आता गंमत बघा. कपाटाची आतली उंची २१० सेंमी असेल आणि एका भागात फक्त शर्ट टांगायचे असतील, तर त्यांच्याखाली शंभरेक सेंमी मोकळेच राहतात. ड्रॉवरची खरी जागा ती. लांब कपड्यांच्या खाली ड्रॉवर दिला तर कपड्यांची टोकं त्याच्या डोक्यावर लोळत राहतात.

रुंदीसाठी दांडीवर एका शर्टाला अडीच-तीन सेंमी धरा आणि कोटाला पाच-सहा. आपले टांगायचे कपडे मोजून गुणाकार करा आणि थोडी जागा पुढच्या खरेदीला ठेवा. ठेवली नाहीत तरी खरेदी व्हायची थांबत नाहीच.

ड्रॉवरची उंची ठरवताना मात्र घाई नको. मोजे, रुमाल, टाय, पट्टे, अंतर्वस्त्रं यांना आतून ८ ते १२ सेंमी भरपूर झाले. टी-शर्ट आडवे न रचता घडी करून उभे लावणार असाल (आणि लावाच, प्रत्येक टी-शर्ट दिसतो) तर आपल्या नेहमीच्या घडीची उंची टेपने मोजा आणि त्यात दोन सेंमी मिळवा. ती बहुतेक १६ ते २० च्या दरम्यान येईल. घरात घालायचे सैल कपडे, हलके स्वेटर यांना २० ते २५. त्याहून खोल ड्रॉवर शोरूममध्ये भारदस्त दिसतो, पण घरी त्याच्या तळाशी काय आहे हे कोणालाच आठवत नाही. २५ सेंमीचा एक खोल ड्रॉवर की १२ सेंमीचे दोन उथळ, असा प्रश्न आला तर डोळे झाकून दोन उथळ घ्या.

आणि हे सगळे आकडे आतले आहेत हे विसरू नका. माहितीपत्रकात दिलेली ड्रॉवरची उंची बहुधा दर्शनी फळीची असते. २० सेंमीच्या दर्शनी फळीमागे १२-१४ सेंमीचा डबा असणं अगदी नेहमीचं.

दुसरी पायरी: बेडरूम मोजा, उघडा ड्रॉवरही मोजा

भिंत ओळंब्यात आणि कोपरा गुण्यात असतो असं गृहीत धरू नका. भिंतीची रुंदी तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कंबरेएवढ्या उंचीवर आणि छताजवळ. उंचीही डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येक वेळी सगळ्यात लहान आकडा धरायचा. जमिनीलगतची फरशीची पट्टी भिंतीच्या पुढे एक-दीड सेंमी आलेली असते, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही. ती तेवढ्यापुरती कापायची की मागे फट राहू द्यायची हे आधीच ठरवा. बटणांचे बोर्ड, प्लगची जागा, तुळई, पंख्याची पाती, खोलीच्या दाराची झेप हे सगळं कागदावर उतरवून घ्या.

टांगायच्या कपाटाची बाहेरून खोली साधारण ६० सेंमी असते. हँगर ४२ ते ४५ सेंमी रुंद, त्यावर कपड्याचे खांदे धरले की आत ५५ सेंमी लागतातच. ४५ सेंमी खोलीचं कपाट कितीही आवडलं तरी त्यात कपडे आडवे टांगले जाणार नाहीत. कपडे आपल्याकडे तोंड करून टांगायची, बाहेर सरकणारी दांडी घ्यावी लागेल.

आता समोरची जागा. ड्रॉवर पूर्ण ओढला की ४५ ते ५० सेंमी पुढे येतो, आणि त्याच्यापुढे उभं राहून वाकायला माणसाला आणखी तितकीच जागा लागते. म्हणजे कपाटाच्या तोंडापासून पलंगापर्यंत मीटरभर असेल तर आरामात जमतं. ७० सेंमीच असतील तर ड्रॉवरच्या बाजूला उभं राहून काम करावं लागेल. ते चालतं, पण मग ड्रॉवर कोपऱ्यात नकोत, कारण तिथे बाजूला उभं राहायला जागाच नसते.

हे कागदावर कळत नाही. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने कपाटाचा चौकोन आखा, त्याच्यापुढे उघड्या ड्रॉवरचा आणि उघड्या दाराचा. दोन दिवस त्या रेषांमधून वावरा. रात्री पाणी प्यायला उठलात की पाय नेमका कुठे पडतो, पलंगावरची चादर बदलताना कुठे अडतं, सगळं आपोआप उमगतं. घरात दोघे एकाच वेळी आवरत असतील तर दोघांनी मिळून हा प्रयोग करावा.

उंचीबद्दल एक गोष्ट हमखास सुटते. सुटे भाग आणून जोडायचं कपाट बऱ्याचदा जमिनीवर आडवं जोडून मग उभं करतात. उभं करताना त्याचा कर्ण छताखालून फिरावा लागतो. २१० सेंमी उंच आणि ६० सेंमी खोल कपाटाचा कर्ण भरतो सुमारे २१८. २४० उंचीचं कपाट घेतलंत तर कर्ण साडेदोनशेच्या जवळ, २४७. छत २४५ वर असेल तर कपाट उंचीत पाच सेंमीने कमी असूनही उभं राहणार नाही. अशा वेळी जागेवरच उभं जोडता येणारा प्रकार किंवा वरची लॉफ्ट वेगळी असलेलं कपाट बघा. जिना, लिफ्ट आणि बेडरूमचं दार यांतून सगळ्यात मोठी फळी वळते का, तेही याच वेळी पाहून घ्या.

तिसरी पायरी: ड्रॉवर दाराच्या आत की बाहेर

बाहेरचे ड्रॉवर म्हणजे कपाटाच्या खालच्या भागात थेट दिसणारे, वर दारं. दार न उघडता हात घालता येतो, डब्याला पूर्ण रुंदी मिळते आणि बिजागऱ्यांचा प्रश्न येत नाही. मात्र त्यांची दर्शनी फळी चारचौघांत असते, त्यामुळे एखादी दोन मिमीने तिरकी झाली तरी डोळ्यांत खुपते. खालचा ड्रॉवर जमिनीपासून फार जवळ असेल तर रोज कंबरेतून वाकणं आलं. गुडघे दुखणारं कोणी घरात असेल तर तळाच्या ड्रॉवरमध्ये रोजची वस्तू ठेवू नका. ड्रॉवर फार वरही नकोत. सगळ्यात वरच्या ड्रॉवरचा काठ छातीच्या खाली, साधारण ११० सेंमीपर्यंत ठेवावा. त्याच्या वर गेला की आत डोकावता येत नाही, नुसतं चाचपावं लागतं.

आतले ड्रॉवर दार बंद केलं की दिसत नाहीत आणि धूळही कमी जाते. पण अडचण इथेच लपलेली असते. उघडणाऱ्या दाराची नेहमीची बिजागरी काटकोनापेक्षा थोडीच जास्त उघडते, आणि उघड्या दाराची जाडी खणाच्या तोंडाशी काही मिलिमीटर आत डोकावत राहते. ड्रॉवर कपाटाच्या बाजूला अगदी चिकटून बसवला तर तो बाहेर येताना दाराला किंवा बिजागरीला घासतो. म्हणून बिजागरीच्या बाजूला एक जाड पट्टी देऊन ड्रॉवर आत घ्यावा लागतो. काही बनवणारे तेवढ्यासाठी १६५ अंशांपर्यंत उघडणारी बिजागरी वापरतात, पण कपाट कोपऱ्यात असेल आणि दार भिंतीवर आपटून ९० अंशांवरच थांबत असेल तर तिचा काय उपयोग? दुकानात याची परीक्षा सोपी आहे. दार मुद्दाम काटकोनातच धरून ठेवा आणि ड्रॉवर ओढा. घासला, तर ते कपाट तुमच्या कोपऱ्यासाठी नाही.

सरकत्या दारांचं गणित वेगळं. दोन दारांच्या कपाटात एका वेळी निम्मंच कपाट उघडं असतं, आणि मध्ये दोन्ही दारं काही सेंमी एकमेकांवर चढलेली असतात. ड्रॉवर पूर्णपणे एकाच दाराच्या मोकळ्या भागात यायला हवा. बरोबर मध्यावर बसवलेला ड्रॉवर डावीकडून उघडत नाही आणि उजवीकडूनही उघडत नाही! चित्रात हे कळत नाही, म्हणून बनवणाऱ्याला दार प्रत्येक टोकाला सरकवल्यावर किती सेंमी स्वच्छ उघडतं ते विचारा आणि ड्रॉवर तेवढ्यात बसवायला सांगा. शिवाय दोन रुळांवरची दारं ८ ते १० सेंमी खोली खातात. बाहेरून ६० सेंमी असलेल्या सरकत्या कपाटात आत जेमतेम पन्नास राहतात आणि कोटाच्या बाह्या दाराला घासत राहतात. इथे ६५ ते ६८ खोली धरा, नाहीतर चॅनल लहान घ्यावं लागेल.

दाराने अडवली जाणारी जागा समोर नसेल तरच मी सरकतं दार निवडेन. जागा असेल तर उघडती दारं आणि खाली बाहेरचे ड्रॉवर, ही जोडी सगळ्यात कमी त्रास देते.

चौथी पायरी: चॅनल आणि डबा

वेळ घालवायचा तर इथे घालवा. दुकानदार रंगाचे नमुने तासभर दाखवेल, चॅनलबद्दल मात्र तुम्हालाच विचारावं लागेल.

स्वस्त कपाटात रोलरचं चॅनल असतं: रंगवलेला पत्रा आणि त्यावर छोटं प्लॅस्टिकचं चाक. हलक्या सामानाला चालतं, पण ड्रॉवर तीन-चतुर्थांशच बाहेर येतो. मागचा पाव भाग हाताला लागत नाही. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे तीन पट्ट्यांचं बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनल. त्याने ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो आणि चांगल्या चॅनलची जोडी ३५ ते ४५ किलो पेलते. कपड्यांच्या ड्रॉवरला हे भरपूर झालं. तिसरा प्रकार डब्याच्या खाली लपणारा, ज्याला अंडरमाउंट म्हणतात. दिसायला सुबक, चालायला लोण्यासारखा, बाजूला लोखंड दिसत नाही. पण डब्याची मापं मिलिमीटरला बरोबर लागतात. नवख्या सुताराकडून तो बसवून घेऊ नका.

चॅनलची लांबी ५०-५० मिमीच्या टप्प्याने मिळते. ६० सेंमी खोल कपाटात ५० सेंमीचं चॅनल बसायला हवं. काही ठिकाणी ४० चं लावून मागची जागा रिकामी सोडलेली असते आणि बाहेरून ते कळत नाही. ड्रॉवर ओढून आतून टेप लावली की दहा सेकंदांत उघडकीला येतं.

सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये ड्रॉवर आपोआप हळूच बंद होणं, ही चैन वाटते. शेजारी कोणी झोपलेलं असताना पहाटे आवरणाऱ्यांना विचारा. ढकललं की उघडणाऱ्या, मूठ नसलेल्या ड्रॉवरबद्दल माझं मत तितकं बरं नाही. चादर झटकताना गुडघा लागला तरी ते उघडतात. वरच्या काठाला बोटं जातील अशी खाच कापलेली दर्शनी फळी त्याहून साधी आणि टिकाऊ. आतल्या ड्रॉवरला तर बाहेर आलेली मूठ लावूच नका. दार बंद होताना ती अडते.

रुंदीचा मोह आवरा. ८०-९० सेंमी रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होतो आणि अडकतो, कारण दोन्ही बाजूंची चॅनलं एकत्र सरकत नाहीत. रुंद ड्रॉवर हवाच असेल तर दोन्ही बाजू एका दांडीने जोडलेलं चॅनल मागा. नाहीतर ४० ते ६० सेंमीत राहा.

दुकानात ड्रॉवर असा तपासायचा. पूर्ण ओढा आणि पुढच्या काठावर तळहात हलकेच दाबा. थोडा झुकला तर ठीक, पण करकरला किंवा लटकला तर नाही. मग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. एका कोपऱ्यावर एक बोट ठेवून बंद करा. चांगला ड्रॉवर सरळ आत जातो. प्रदर्शनातले ड्रॉवर नेहमी रिकामे असतात, तेव्हा आपली भरलेली बॅग आत ठेवून हे सगळं पुन्हा करा. दुकानदार बघत राहिला तर बघू द्या.

शेवटी ड्रॉवर बाहेर काढायला सांगा आणि उलटा करून त्याचं बूड पाहा. तळाची फळी चारही बाजूंना खोबणीत बसवलेली असेल तर उत्तम. नुसती खालून खिळ्यांनी किंवा स्टेपलने ठोकलेली असेल तर वजनाने एक दिवस ती खाली सुटणार. तीन मिमीचा तळ मोजे-रुमालांपुरता ठीक. ५० सेंमीहून रुंद ड्रॉवरला निदान सहा मिमी मागा. चॅनल किती स्क्रूंवर बसलंय तेही मोजा. पुढे एक आणि मागे एक, एवढ्यावर भागवलेलं असेल तर ते कपाट सोडून द्या.

पाचवी पायरी: लाकूड, बोर्ड आणि फळ्यांची लांबी

पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला), एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), प्लायवुड, सलग लाकूड, पत्रा, सगळ्यांची कपाटं चालतात. ड्रॉवरच्या दृष्टीने प्रश्न एकच: स्क्रू किती घट्ट धरतो? प्लायवुड आणि लाकूड चांगलं धरतात. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू दोन-तीनदा काढून लावला की भोक सैल होतं, म्हणून वारंवार घर बदलणाऱ्यांनी त्याचा नीट विचार करावा. ओलावा लागला की तो फुगतो, आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. कडांवरची पट्टी चारही बाजूंनी सलग लावलेली आहे का, विशेषतः तळाशी आणि मागे, ते बोट फिरवून पाहा.

नव्या बोर्डाला येणारा झोंबणारा वास बराचसा त्याच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचा असतो. बोर्ड ‘ई१’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या वर्गातला आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

फळ्यांची जाडी १८ मिमी ठीक, पण लांबी बघा. कपड्यांनी सारखी भरलेली फळी लांबीला दुप्पट केली तर तिचा मधला झोक सोळापट होतो. म्हणून ८०-९० सेंमीच्या पुढे मध्ये उभा आधार हवाच. हा आधार ड्रॉवरनाही उपयोगी पडतो, कारण वरची फळी वाकली की खालच्या ड्रॉवरचा डोक्यावरचा फटीचा हिशेब बिघडतो आणि तो वर घासायला लागतो. लोक मग चॅनलला दोष देतात.

सहावी पायरी: भिंतीला बांधा

ही पायरी ऐच्छिक नाही. ड्रॉवर बाहेर आला की कपाटाचं वजन पुढे सरकतं. दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम उघडे, त्यात लहान मूल खालच्या ड्रॉवरवर पायरीसारखं चढलं, तर कपाट पुढे कलंडू शकतं. हे नुसतं भीती घालणं नाही. मुलांच्या मृत्यूंनंतर आयकिया या फर्निचर कंपनीला २०१६ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवावी लागली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २०२३ पासून कपडे ठेवायच्या अशा फर्निचरला स्थैर्याची चाचणी सक्तीची झाली.

कपाटासोबत आलेली एल आकाराची पट्टी किंवा पट्टा फेकू नका. ती कपाटाच्या वरच्या मजबूत फळीत आणि भिंतीत, दोन्हीकडे घट्ट बसवायची. पाठीच्या पातळ पत्र्यात लावून उपयोग नाही. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर प्लग आणि स्क्रू, पोकळ पार्टिशन असेल तर आतली उभी चौकट शोधून तिच्यात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या, पण ती मिळेना म्हणून बांधणं सोडू नका. दोन भोकं निघताना बुजवता येतात. एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा न उघडू देणारं कुलूपही काही कपाटांत मिळतं. घरात लहान मुलं असतील तर ते जरूर मागा. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, हलकं वर, हा क्रम कायम ठेवा.

कपाट घरी आल्यावर

जमीन सपाट नसेल तर कपाट वाकडं उभं राहतं आणि ड्रॉवर आपोआप उघडतात किंवा एका बाजूला घासतात. बसवणारे लोक जायच्या आत पाण्याची लेव्हल कपाटाच्या तळावर आडवी आणि उभी, दोन्हीकडे ठेवून पाहा. पायांना फिरवायचे स्क्रू असतील तर त्यांनी, नाहीतर पाचर मारून ती बरोबर करून घ्या. ते गेल्यावर फोन लागत नाहीत.

बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर कपाट तिला चिकटवू नका. दोन-चार सेंमी हवा खेळू द्या, नाहीतर मागच्या बाजूला बुरशी धरते आणि सगळ्यात खालच्या ड्रॉवरमधल्या कपड्यांना कुबट वास येतो. नव्या बोर्डाचा वास जाईपर्यंत ड्रॉवर उघडे ठेवून खिडकी मोकळी ठेवा, कपडे नंतर भरा.

महिन्याभराने सगळ्या ड्रॉवरची दर्शनी फळी एकदा डोळ्यांखालून घाला. फटी कमी-जास्त झाल्या असतील तर बहुतेक चॅनलना किंवा फळीच्या मागच्या स्क्रूंना थोडं वर-खाली करायची सोय असते. आधी ती वापरा, लगेच सुताराला बोलावू नका. चॅनलमध्ये धाग्यांचे आणि केसांचे गुंते जमतात. मऊ ब्रशने तेवढे काढले की बहुतेक कुरकुर थांबते. बॉल बेअरिंगवर खायचं तेल ओतू नका, ते धूळ धरून चिकट होतं.

आणि एक बारीक काम. चॅनलची लांबी, प्रकार आणि बनवणाऱ्याचं नाव एका कागदावर लिहून सगळ्यात खालच्या ड्रॉवरच्या मागच्या फळीला आतून चिकटवून टाका. काही वर्षांनी एखादं चॅनल बदलायची वेळ आली की नेमकं तेच मागवता येतं. उरलेले स्क्रू आणि बिजागरीची चावीही त्याच ड्रॉवरमध्ये, पिशवीत बांधून.